प्लॉट गावात, पोरं गावाबाहेर

मागच्या हंगामात नशिराबाद शिवारात गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे बघायला गेलो होतो. सापळ्यांचं काम दहा मिनिटांत उरकलं, पण शेतमालक नाना काही सोडेनात. बांधापलीकडे बोट दाखवून म्हणाले, "साहेब, अळीवर औषध आहे तुमच्याजवळ. याच्यावर काय मारू?" पलीकडे कपाशी नव्हतीच. सिमेंटचे खांब, मुरमाचा रस्ता, कमरेइतकं गाजरगवत आणि मधोमध दोन नवे बंगले. दोन्हींना कुलूप.

नानांचा मोठा मुलगा लग्नानंतर जळगावला दोन खोल्यांत भाड्याने राहतो. शेत नशिराबादला, बिऱ्हाड जळगावला. रोज सकाळी मोटारसायकलवर उलटा प्रवास करून तो कापसाला पाणी द्यायला येतो. गावातल्या घरात दोन भाऊ, दोन सुना मावत नाहीत. नवा प्लॉट घ्यायचा तर किंमत ऐकूनच माणूस माघारी फिरतो.

हे एका घराचं दुखणं नाही. जळगाव आणि भुसावळ यांच्यामध्ये महामार्गाला लागून असलेल्या प्रत्येक गावात थोड्याफार फरकाने हेच ऐकायला मिळतं. जुना सहा नंबरचा हा रस्ता, आताचा ५३, चौपदरी झाला आणि शेताला पिकाचा भाव न राहता रस्त्याचा भाव आला. प्लॉट घेणारे कोण, तर जळगावचे व्यापारी, पुण्या-मुंबईला आणि सुरतेला नोकरी करणारे आपलेच भाऊबंद, आणि ज्यांना इथे राहायचंच नाही, फक्त पैसा गुंतवायचा आहे असे लोक. यांत कोणी चोर नाही. निवृत्तीनंतर गावाकडे चार भिंती असाव्यात असं वाटणं काही गुन्हा नव्हे. अडचण एवढीच की किंमत ठरते त्यांच्या पगारावर आणि नफ्यावर, आणि ती मोजायची वेळ येते शेतीवर जगणाऱ्या पोरावर.

हिशेब मांडून पाहू. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव होता. कोरडवाहू एकरी सहा क्विंटल धरा, ४८,६६० रुपये होतात. बियाणं, खत, फवारणी, वेचणी जाऊन वीस हजार हातात राहिले तर नशीब म्हणायचं. पाच एकरवाल्याचे वर्षाला लाख झाले. समजा प्लॉट दहा लाखांचा आहे. म्हणजे घरात चूल न पेटवता दहा वर्षं कापूस पिकवायचा, तेव्हा रिकामी जागा मिळणार. बांधकाम पुढे. आणि मुलीचा बाप सोयरिकीला आला की पहिला प्रश्न विचारतो, "घर वेगळं आहे का?"

माझ्या खात्याचा विषय म्हणून आणखी एक सांगतो. प्लॉट पाडताना शेतातले पाट आणि नाले बुजतात. मग पावसाचं पाणी शेजारच्या कपाशीत उभं राहतं, मुळं कुजतात, झाडं पिवळी पडतात आणि शेतकरी माझ्याकडे औषध मागायला येतो. औषध कसलं, चर खोदायला हवा, आणि चर खोदायची जागा दुसऱ्याच्या नावावर. शिवरस्ता अडतो तो वेगळाच. रिकाम्या प्लॉटात डुकरं वस्तीला येतात आणि रात्री कणसं खातात. तीन बाजूंनी प्लॉट झाले की चौथ्या बाजूचा शेतकरी कंटाळतो. तोही विकतो.

मग गावच्या पोरांनी राहायचं कुठे? गावठाण जुन्या काळी आखलेलं, माणसं वाढली तसं ते वाढलं नाही. पूर्वी गायरानाकडे बोट दाखवता यायचं. २०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याचा निकाल दिला. त्याच वर्षी जुलैत राज्य शासनाने गायरान दुसऱ्या कामाला देण्यावर बंधनं घातली. गुरांच्या दृष्टीने ते बरोबरच झालं, पण गावठाण वाढवायची सोपी वाट बंद झाली.

घरकुलाचीही तीच गत. ग्रामीण आवास योजनेत सपाट भागासाठी केंद्राच्या निकषाने १ लाख २० हजार मिळतात, पण जागा स्वतःची लागते. जागा नसलेल्या पात्र लाभार्थ्याला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी मदत आहे. ती ५० हजारांची होती, २०२४ मध्ये एक लाख झाली. महामार्गालगत लाखात काय येतं ते वाचकांनी स्वतःच विचारून पाहावं. नशिराबादला तर ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद आली, त्यामुळे अर्ज शहरी योजनेत करावा लागतो. हे ठाऊक नसल्याने काही जण अजून पंचायत समितीत चकरा मारतात.

अलिबागकडे हे आधीच घडलंय. मुंबईकरांच्या बंगल्यांनी तिथली गावं भरली, आणि जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यावर मुंबई आणखी जवळ आली. तिकडे समुद्र आहे, आपल्याकडे नुसता रस्ता, एवढाच फरक. ब्रिटनच्या वेल्स भागात तरुण पिढी गावं सोडू लागली, तेव्हा एप्रिल २०२३ पासून स्थानिक संस्थांना दुसऱ्या घरांवर नेहमीच्या पट्टीपेक्षा तीनशे टक्क्यांपर्यंत जादा कर लावायची मुभा मिळाली. आपल्या घरपट्टीत नांदतं घर आणि कुलूपबंद घर एकाच तराजूत. सरपंच-ग्रामसेवकांनी हा विषय ग्रामसभेत घेऊन ठराव वर पाठवायला काय हरकत आहे?

विकणाऱ्यांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. सगळा गट एका फटक्यात लिहून देऊ नका. आधी मुलांच्या घरापुरती जागा वेगळी काढा, मोजणी करून नकाशावर आणा, मग उरलेल्याचं बोला. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली शेतजमीन निवासी वापराला अकृषिक मानण्याची तरतूद जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड मध्ये आहे. आपला गट त्यात बसतो का, हे तलाठ्याकडे जाऊन बघा. तरसोद, भादली, आसोदा अशा गावांतल्या लोकांनी तर नक्की बघावं. घेणाऱ्या पोरांनी मंजूर लेआउटचा कागद पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या साध्या कागदावरच्या सौद्यात पैसे अडकलेले कितीतरी जण मी पाहिले आहेत.

नानांनी आता घराला लागून असलेलं खळं मोडायला घेतलंय. तिथे दोन खोल्या निघतील असं गवंडी म्हणतो. कापूस कुठे साठवायचा, हे अजून ठरलेलं नाही.