बिल घरखर्चातून, मग माहिती कुणाकडे?

मैत्रिणींनो, २००६ साली आमच्याकडे टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड आलं. तेव्हा सरकारी व्याख्येत २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड! प्लॅन ह्यांनी निवडला, मॉडेम मुलाने जोडला. मी फक्त चहा केला.

पहिलं बिल आलं आणि घरात वादळ! महिन्याची मर्यादा ४०० एमबी, पुढच्या प्रत्येक एमबीला वेगळे पैसे. गाणी उतरवली मुलाने, पण ‘घरात असून लक्ष नाही’ म्हणून बोलणी खाल्ली मी. त्या रात्री चष्मा लावून माहितीपत्रक वाचलं. किराण्याचं बिल तपासणाऱ्या बाईला त्यात अवघड काहीच नव्हतं. कमी भाड्याचा प्लॅनच आम्हाला महाग पडत होता. प्लॅन बदलायचा अर्ज मीच भरला.

आता फायबर आलं. २०२३ मध्ये ती व्याख्याही २ एमबीपीएस झाली. तरी आमच्या बचत गटातल्या बायका म्हणतात, “ते ह्यांनाच माहीत.” का बरं? मर्यादा किती, ती संपल्यावर काय, जोडणीचे पैसे वेगळे का, हे आपणच विचारायचं. आणि पासवर्ड? तो दुधाच्या हिशेबाच्या वहीत, आपल्या अक्षरात!