न्याहारीचे ताट आणि पंचहौदाचा चहा

खडकीत ख्रिस्ती धर्म आला तो छावणीबरोबर. ५ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईत बापू गोखल्यांचे सैन्य मागे हटले, इंग्रजांची छावणी बसली आणि छावणीमागोमाग चर्च उभे राहिले. त्या काळी पाद्री दुरूनही ओळखू येई. त्याचा झगा, त्याची घंटा, त्याच्या हातातील पुस्तक, सारेच उघड होते. आज याच खडकी-बोपोडीतील भाड्याच्या खोल्यांतून हिंजवडीला जाणाऱ्या संगणक अभियंत्यासाठी जी नवी पद्धत विकसित झाली आहे, तिच्यात यापैकी काहीच नाही. असते ती न्याहारी, धंद्यातील ओळखी आणि एखाद्या यशस्वी उद्योजकाचे भाषण.

या पद्धतीचे मूळ अमेरिकेत आहे. १९३५ साली सिॲटल शहरात अब्राहम व्हेरीड या मेथडिस्ट धर्मोपदेशकाने व्यापाऱ्यांना न्याहारीला बोलावून प्रार्थनेस बसविले. १९५३ मध्ये त्याच परंपरेतील वॉशिंग्टनच्या न्याहारीस अध्यक्ष आयसेनहॉवर उपस्थित राहिले आणि त्यांच्यानंतरचा प्रत्येक अध्यक्ष तेथे हजेरी लावीत आला. आता पाळी तंत्रज्ञांची आहे. २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘ॲक्ट्स १७ कलेक्टिव्ह’ ही संस्था निघाली. बायबलमधील ज्या अध्यायात पौल अथेन्सच्या तत्त्वज्ञांपुढे उभा राहतो, त्याचेच नाव तिने घेतले. २०२५ मध्ये अब्जाधीश पीटर थील यांची ख्रिस्तविरोधकावरील चार व्याख्याने तिनेच घडवून आणली. रोख झोपडपट्टीकडे नाही, निर्णय घेणाऱ्यांकडे आहे.

ख्रिस्ती अभियंत्यांनी एकत्र बसून प्रार्थना करावी, यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. घटनेच्या २५ व्या कलमाने त्यांना तो अधिकार दिला आहे. मात्र धर्मप्रसाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितले आहे. निमंत्रण ओळखीपाळखीचे आणि हेतू वेगळाच, अशी स्थिती असेल तर काय? निमंत्रण देणारा वरिष्ठ असेल आणि वार्षिक पगारवाढ त्याच्याच हाती असेल, तर कनिष्ठाचा होकार कितपत मोकळा समजावा? (हा दंडक हिंदू वरिष्ठालाही लागू आहे, हे ओघाने आलेच.)

परंतु केवळ बोटे मोडून भागणार नाही. पुण्याने हा प्रयोग एकदा केलेला आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमधील व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. उपस्थितांत न्या. रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोखले होते. गोपाळराव जोशी यांनी नावे वर्तमानपत्रात छापविली आणि पुण्यात ग्रामण्य माजले. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनाही अखेर ते घ्यावे लागले. चहाच्या पेल्यावर शंकराचार्यांपर्यंत वाद गेला! या खटाटोपाने कोणते धर्मांतर थांबले?

अवघ्या पाच वर्षांनी, १८९५ मध्ये, नारायण वामन टिळकांसारखा प्रतिभावान कवी बाप्तिस्मा घेऊन बसला. त्याची सुरुवात कोणा पाद्र्याच्या प्रवचनाने झाली नव्हती. रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्याशी आपुलकीने चर्चा केली आणि हाती ‘नवा करार’ ठेवला, एवढेच निमित्त. पुढे मिशनच्या पाश्चात्त्य चौकटीत हेच टिळक गुदमरले आणि १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. तो माणूस परका झाला नव्हता. मग त्याच्या अंतरीच्या तळमळीची चौकशी स्वकीयांपैकी किती जणांनी केली होती?

लातूर-बुलढाण्याहून आलेला विशीतला मुलगा खडकीत एका खोलीत तिघांबरोबर राहतो. रात्रपाळी करतो, सणाला घरी जाऊ शकत नाही, आजारी पडला तर डबाही येत नाही. त्याला कोणी नावाने हाक मारून न्याहारीला बोलावले, तर तो जाणारच. संगणक क्षेत्रातील तरुणांसाठी संघाने ‘आयटी मिलन’ सुरू केली, त्याला दोन दशकांहून अधिक काळ लोटला. त्या मिलनच्या निरोपाचा कागद या खोलीच्या दारापर्यंत पोहोचला आहे काय, आणि पोहोचला असल्यास तो घेऊन जिना चढून वर कोण गेले होते?