कानांस यंत्र लावण्यांत लाज कसली?

दृष्टि अधू झाली तर मनुष्य चष्मा लावतो व त्यांत कोणास कमीपणा वाटत नाहीं. कान अधू झाले तर मात्र तो तें लपवितो, आणि घरचीं माणसें त्याच्या चुकलेल्या उत्तरांस हंसतात. हा भेद अन्यायाचा आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

पिंपरी-चिंचवड व चाकण येथील पुष्कळ विद्यार्थ्यांच्या वडिलांनीं व आजोबांनीं कारखान्यांच्या गोंगाटांत उभें आयुष्य वेचलें आहे. अशा गोंगाटानें आंतल्या कानांतील सूक्ष्म केशपेशी मरतात व त्या पुन्हां उत्पन्न होत नाहींत. प्रथम उंच पट्टीचे ध्वनि जातात. त्यामुळें बोलणें कानीं पडतें, पण शब्द उमगत नाहीं. आणि नातवंडांचा कोवळा आवाजच आधीं हरपतो. मग वृद्ध मनुष्य पारावर जाणें सोडतो, लग्नकार्य टाळतो, उपासनेसहि येईनासा होतो. आपण म्हणतों, आजोबा तुसडे झाले! वास्तविक ते एकटे पडलेले असतात.

हें पुष्कळ अंशीं टाळतां येतें. अमेरिकेंत ऐकूं कमी येणाऱ्या, ७० ते ८४ वर्षें वयाच्या ९७७ स्त्रीपुरुषांवर तीन वर्षें एक प्रयोग झाला. कांहींना श्रवणयंत्रें व तज्ज्ञांचें मार्गदर्शन मिळालें, इतरांना केवळ आरोग्यविषयक शिक्षण. २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें पहिल्या गटांतील वृद्धांच्या स्नेहीसोबत्यांत, दुसऱ्या गटाच्या मानानें, सरासरी एक माणूस अधिक टिकून राहिलें. एक माणूस म्हणजे थोडें नव्हे. म्हातारपणीं एक जुना स्नेहीहि पुष्कळ होतो.

यंत्र महाग असतें, ही अडचण खरी. परंतु आधीं तपासणी तर करावी; कित्येकदां कानांत केवळ मळच साचलेला असतो. अपंगत्वाचा दाखला असलेल्या गरिबांस केंद्र सरकारच्या योजनेंतून यंत्र मिळूं शकतें. यंत्राची संवय व्हावयास मात्र कांहीं आठवडे लागतात, आणि तेवढ्यांत कंटाळून पुष्कळजण तें कपाटांत ठेवून देतात.

विद्यार्थिमित्रहो, येथेंच तुमचें काम आहे. आजोबांशीं ओरडून नव्हे, तर समोर बसून, तोंड दिसेल असें, सावकाश बोला. तेवढा वेळ दूरदर्शन बंद ठेवा. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायांत प्रभूनें बहिऱ्या मनुष्यास बरें करण्यापूर्वीं गर्दींतून एकीकडे नेलें. त्याचें व्यंग चारचौघांचा तमाशा होऊं नये, हीच त्यांतील दया, असें आम्ही समजतों. घरांतील बहिऱ्या माणसास पहिलें औषध तेंच द्यावें; दुसरें वैद्य देईल.