लौजीला उतरलेली गोष्ट
परवा कर्जतहून खोपोली लोकल पकडली. आमची ही छोटी लाइन: पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली, सगळी मिळून जेमतेम 15 किलोमीटर. पळसदरी सुटेपर्यंत हातातला वडा संपला आणि मला ऐकण्यावाचून काम उरलं नाही. समोरच्या बाई फोनवर म्हणत होत्या, "नाही हो वन्सं, बांगड्या मी दिल्याच नाहीत." मग शांतता. "कपाटात? कुठल्या कपाटात?" माझं वर्तमानपत्र तेव्हापासून एकाच पानावर. शेजारचे काका डोळे मिटून बसलेले. घोरणं मात्र मघाशीच थांबलं होतं. दोघं समोरासमोर बोलत असली की माझं लक्षही जात नाही, पण फोनवरचं अर्धं बोलणं सुटता सुटत नाही. 2010 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी हेच दाखवलं: अर्धंच संभाषण कानावर पडलं की हातातल्या कामावरून मन जास्त उडतं, कारण पुढचं वाक्य ओळखता येत नाही. म्हणजे दोष माझा नाही, वन्संचा आवाज न येण्याचा आहे. शिवाय आपल्याकडे याला 'कानोसा' असा घरंदाज शब्द आहे. कुणी चोरी म्हणू नये. गाडीत खुशाल ऐकावं, गावात नेऊन सांगू नये, एवढंच पथ्य. (मी सांगतोय खरा, पण तुम्ही घरचेच.) डोलवलीला बाई कडाडल्या, "मग ह्यांनाच विचारा ना!" आणि लौजीला उतरून गेल्या. काकांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नवऱ्यानंच मोडल्या असणार."