हजेरीपटाबाहेरचा विद्यार्थी

शिक्षकाच्या कार्याचे मोजमाप आपण त्याच्या वर्गाच्या निकालावरून करतो, आणि ज्याची नोंद कोणत्याही दफ्तरात होऊ शकत नाही असे त्याचे थोर ऋण सहजच विसरून जातो. या दृष्टीने कृष्णराव अर्जुन केळुसकर यांचे उदाहरण मननीय आहे. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचीत बसणारा एक मुलगा त्यांच्या दृष्टीस पडला. तो त्यांच्या वर्गातला नव्हता, शाळेतलाही नव्हता. तरी केळुसकरांनी त्याची आस्थेने विचारपूस केली, त्याला वाचावयास पुस्तके दिली, आणि पुढे त्याच्या सत्कारप्रसंगी १८९८ साली प्रसिद्ध झालेले स्वलिखित गौतम बुद्धाचे चरित्र त्याच्या हाती ठेवले. अस्पृश्य गणला गेल्यामुळे ज्याला शाळेत संस्कृतची मनाई होऊन नाइलाजाने फारसी घ्यावी लागली, त्या भीमराव आंबेडकरांना बुद्ध भेटला तो असा, मराठीतून.

महाविद्यालयीन शिक्षण द्रव्याभावी अडू लागले, तेव्हा केळुसकरांनीच त्यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे नेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला झालेल्या धर्मांतराचे सारे श्रेय एका पुस्तकाला देणे हा बाबासाहेबांच्या स्वतंत्र प्रज्ञेवर अन्याय होईल. परंतु त्या पुस्तकाने आपण बुद्धाकडे वळलो, हे त्यांनी स्वतःच त्या वर्षी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत कृतज्ञतेने नमूद केले आहे. केळुसकर मात्र १९३४ सालीच निवर्तले होते.

असे शिक्षक हुकमाने निर्माण होत नाहीत, पण त्यांना निकामी करणे हुकमाने सहज साधते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामास जुंपण्यास मनाई केली असताही, सर्वेक्षणे, तक्ते आणि ऑनलाइन माहिती भरण्याची फर्माने थांबत नाहीत. विद्यार्थ्याकडे निवांत पाहावयास शिक्षकाला फुरसत हवी, आणि त्याला देण्याजोगे काही आपल्याजवळ असावे म्हणून स्वतःच्या वाचनालाही सवड हवी. ही सवड म्हणजे शिक्षकांना दिलेली सवलत नव्हे. ती विद्यार्थ्यांची हक्काची ठेव आहे, आणि तिच्यावर हात टाकण्याचा अधिकार कोणत्याही खात्याला असता कामा नये.