जीपीएसला ‘माहीत नाही’ म्हणता यायला हवं

जीपीएस दगा देतं ते फक्त बोगद्यात किंवा उंच इमारतींच्या मधे, असा आपला समज असतो. पण १० आणि ११ मे २०२४ ला अमेरिकेच्या मिडवेस्टमधे, उघड्या माळावर, ऐन मक्याच्या पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर ओळ सोडू लागले. अनेक शेतकऱ्यांनी काम थांबवलं. कारण? २००३ नंतरचं सगळ्यात मोठं भूचुंबकीय वादळ.

आता यात नेमकं होतं काय? जीपीएस म्हणजे मुळात घड्याळांचा खेळ. सुमारे २०,२०० किमीवरून निघालेला सिग्नल पोचायला किती वेळ लागला, त्यावरून रिसीव्हर अंतर काढतो. एक नॅनोसेकंद चुकला की ३० सेंटीमीटर गेले! वाटेत आयनोस्फिअरमधले इलेक्ट्रॉन सिग्नलला उशीर करतात. रोजच्या उशिराचा ढोबळ अंदाज उपग्रहच पाठवतो, अवघ्या आठ आकड्यांत. वादळात मात्र इलेक्ट्रॉनांची गर्दी इतकी भराभर बदलते की तो अंदाज कुचकामी ठरतो. दोन फ्रिक्वेन्सी वापरून उशीर मोजता येतो, हे खरं. पण सिग्नलच लुकलुकायला लागला, तर रिसीव्हरची पकडच सुटते.

ही भानगड फक्त अमेरिकेची नाही बरं का. चुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारतावरून जातं, त्यामुळे आपल्याकडे वादळ नसतानाही सूर्यास्तानंतर सिग्नल असा लुकलुकू शकतो.

मग उपाय काय? माझ्या मते, प्रामाणिकपणा. ऑक्टोबर २००३ च्या वादळात अमेरिकेतली वास ही विमानांसाठीची यंत्रणा जेमतेम तीन-चार महिन्यांची होती. उंचीतल्या चुकीची ५० मीटरची मर्यादा पाळता येत नाही म्हटल्यावर तिची उंची सांगणारी सेवा २९ तारखेला सुमारे १५ तास आणि ३० ला ११ तास मिळेना. लोक याला अपयश म्हणतील. मी याला उत्तम इंजिनिअरिंग म्हणतो. धुक्यात उतरणाऱ्या वैमानिकाला चुकीची उंची ठामपणे सांगण्यापेक्षा ‘माहीत नाही’ हे उत्तर लाखमोलाचं.

आणि आपण काय करतो? फोन अक्षांश-रेखांशासोबत ‘एवढ्या मीटरची चूक असू शकेल’ हेही सांगतो. आपण पहिले दोन आकडे घेतो आणि तिसरा सरळ फेकून देतो. टॅक्सीच्या ॲपमधे फार तर गाडी पलीकडच्या गल्लीत जाईल. ॲम्ब्युलन्सच्या ॲपमधे?

सूर्य काही आपल्या रिलीजच्या तारखा विचारून उसळत नाही. निदान तो तिसरा आकडा तरी वाचूया.