भदैनीचं पाणी
स्तंभ : पाणवठा

काशीला गेलेला मराठी माणूस भदैनीत येतो तो बहुधा झाशीच्या राणीच्या जन्मस्थानासाठी. स्मारकापुढे हात जोडतो, अस्सी घाटावर नाव ठरवतो आणि दशाश्वमेधाकडे निघतो. माझं सांगणं एवढंच, की या मोहल्ल्यात तासभर जास्त थांबा. काशीच्या पाण्याची दोन युगं इथं हाकेच्या अंतरावर उभी आहेत : लोलार्क कुंड आणि जलकलचं, म्हणजे शहराच्या पाणीपुरवठ्याचं, पंपघर.

आधी कुंड बघावं. गल्लीत वळलं की पायाखालची जमीन संपते आणि तीन बाजूंनी अरुंद, उभ्या दगडी पायऱ्या खोल उतरत जातात. चौथ्या बाजूला उंच भिंत, तिच्यात चिंचोळी उभी फट आणि फटीपलीकडे गोल विहीर. विहिरीचं आणि कुंडाचं पाणी एकच. अहिल्याबाई होळकर आणि कूचबिहारचे राजे यांनी या कुंडाचा जीर्णोद्धार केला. माळव्याची राणी आणि बंगालच्या उत्तरेकडचं राजघराणं, दोघांनाही काशीतली एक विहीर आपली वाटली! भाद्रपद शुद्ध षष्ठीला अपत्यासाठी नवस बोललेली जोडपी इथं बुडी घेतात आणि ओले कपडे तिथंच सोडतात. ते उचलायचं काम मागाहून कुणीतरी करतं, म्हणून कुंड जिवंत आहे.

आता घाटावर या. गंगेचं पाणी इथल्या पंपघरातून उचलून भेलूपूरच्या जलकलला जातं, तिथं निवळतं, गाळलं जातं आणि शहरात पोचतं. भेलूपूरचं जलकल १८९२ पासूनचं. बनारसमध्ये गंगेच्या धोक्याची खूण ७१.२६ मीटरवर आहे. १९७८ च्या पुरात नदी ७३.९० मीटरपर्यंत चढली होती, आणि उन्हाळ्यात तीच कितीतरी खाली घाटाच्या तळाशी जाऊन बसते. अशा नदीतून बारा महिने पाणी उचलायचं म्हणजे पंप बुडता कामा नये आणि कोरडाही पडता कामा नये. हे गणित सव्वाशे वर्षांहून अधिक काळ सुटत आलं आहे. तरी घाटावरून जाणाऱ्या नावेतला वाटाड्या त्या इमारतीकडे बोट दाखवत नाही.

खरं तर या इमारतीच्या जन्माची गोष्ट कुठल्याही घाटापेक्षा कमी नाही. पंपघरासाठी घेतलेल्या जागेत रामाचं एक देऊळ होतं. ते पाडणार म्हणून एप्रिल १८९१ मध्ये शहर पेटलं. जमावानं जलकलची यंत्रं मोडली, मग लोंढा तारघर आणि रेल्वे स्टेशनाकडे वळला. वर्ष महागाईचं होतं, धान्याचे भाव चढलेले होते, त्याचाही राग त्यात मिसळला. लोकांना चांगलं पाणी नको होतं, असा अर्थ मी यातून काढत नाही. गंगा आणि शहर स्वच्छ राहावं म्हणून काशीतल्याच प्रतिष्ठितांनी त्याआधी काशी गंगा प्रसादिनी सभा काढली होती. पण भदैनीच्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं.

न विचारता काम रेटायची ही सवय जुनी आहे, म्हणून वारसा जपण्याच्या आजच्या कामांकडे बघताना मला धास्ती वाटते. कुंडाला नवा दगड, रंगीत दिवे, कठडा, आणि पाणी? ते कुठून येतं, जातं कुठं, हे कुणी तपासत नाही. १८२० च्या दशकात जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अधिकाऱ्यानं शहराच्या पोटातून गटार काढलं आणि मत्स्योदरी तलावाचं पाणी त्यातून गंगेत सोडलं. त्या काळी ती सुधारणाच होती, प्रिन्सेपला मी दोष देत नाही. पण तलाव गेला. आज तिथं मच्छोदरी नावाची बाग आहे. नावात मासा उरलाय. पाण्याची वाट तुटली की वर कितीही सुंदर बांधा, खाली खड्डाच राहतो. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून आणलेल्या नळाचं हेच झालं : नळाला हवा देणारे उच्छ्वास आणि हौद यांतले काही दिसतात, पण एकाला दुसऱ्याशी जोडणारी वाट रस्त्यांखाली आणि घरांखाली हरवली.

काशीत ही वाट अजून पुरती हरवलेली नाही. लोलार्कात पाणी आहे, जलकल चालू आहे. चालू असलेली गोष्ट जपणं सोपं असतं, बंद पडल्यावर मात्र संग्रहालयच करावं लागतं. भेलूपूरचे जुने नकाशे, झडपा, नोंदवह्या जे काही शिल्लक असेल ते भंगारात जाण्याआधी एका खोलीत आणावं, आणि ज्या कामगारांना या नळांची वळणं तोंडपाठ आहेत त्यांच्याकडून ती निवृत्तीआधी लिहून घ्यावीत. भदैनीच्या पंपघरावर १८९१ ची हकीगत सांगणारी पाटी लागावी, मजकूर मोहल्ल्यातल्या लोकांना दाखवून. आणि लोलार्काच्या विहिरीतलं पाणी किती हात खाली आहे, हे दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मोजून काठावरच्या फळ्यावर खडूनं लिहावं.